खीर न खाणारे पाव्हणे

सुधाकरभाऊंच्या घराच्या आतल्या खोलीत मला पहिल्यांदा बोलावलं ते कॉम्प्युटर दाखवायला, असं मी बरेच दिवस धरून चालले होते. ते खरं नव्हतं. खरं कारण असं की आमच्या गावच्या सरपंचपदाचं आरक्षण निघालं होतं आणि ती जागा आमच्या समाजातल्या बाईसाठी राखीव झाली होती. हे भाऊंना माहीत होतं, त्यांच्या बायकोला माहीत होतं, माझ्या बाबांच्याही कानावर आलेलं होतं. मला माहीत नव्हतं. मी नववीत होते आणि मला वाटलं, पल्लवीला मी आवडते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणाला त्या घराबद्दल उगाच माया वाटायला नको.

आमचं गाव पांढुर्णा आणि तिगावच्या मधलं. रेल्वेची लाइन शेतांपलीकडून जाते, आणि इटारसीकडे निघालेली मालगाडी चढावर दमली की आमच्या फळीवरची ताटं थरथरायची. बाबा पांढुर्ण्याला जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवर कापसाचे तंतू असायचे आणि ते माय बोटांनी काढायची. माय संत्री तोडायला, तोड्यावर जायची. गावातला सगळ्यात मोठा बगीचा सुधाकरभाऊंचा, त्यामुळे बहुतेक वेळा त्यांच्याकडेच. भाऊ आधी दोनदा सरपंच झालेले. पल्लवी त्यांची मुलगी, माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. शाळेत आम्ही एका डब्याशी बसून बोलायचो, एकमेकींचे गृहपाठ उतरवायचो. पण तिच्या घरी काही द्यायला गेले की ओसरीच्या पायरीशी थांबायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. चालायला यावं तसं ते मला येत होतं. आज सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच. शिकवलं असतं तर निदान शिकवणाऱ्याला नाव ठेवता आलं असतं.

त्या हिवाळ्यात, तोडा सुरू असताना, दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली म्हणजे भाऊ मायला ‘वहिनी’ म्हणायला लागले. तोवर ती ‘ए, सुजाताची माय’ होती. आता बगीच्यात ऊन चढलं की भाऊ स्वतः म्हणायचे, “वहिनी, बसा जरा सावलीत. दुसऱ्या बाया करून राहिल्या नं काम.” दुसऱ्या बाया एकमेकींकडे बघायच्या आणि माय फांदी ओढायची. दुसरी गोष्ट म्हणजे पल्लवी एक दिवस शाळा सुटताना म्हणाली, “चाल नं घरी. निलेशदादाचा कॉम्प्युटर आला. बाबा म्हणे, सुजाताले बी आन, तिले बी खेळू दे.” निलेश तिचा मोठा भाऊ. तो नागपूरला शिकायला होता, त्याने नवा घेतला आणि जुना घरी आणून ठेवला होता.

मी पायरीशी थांबले. काकू, म्हणजे पल्लवीची आई, दारात आली आणि म्हणाली, “बाहेर काहून उभी राहिली वो? ये आंदर. तुहंच घर हाय.” इतक्या वर्षांत त्या बाईने मला पाण्याला विचारलं नव्हतं. मी आत गेले. फरशी इतकी गार की तळपायांना झिणझिण्या आल्या. खोलीत फिनाइलचा आणि खिडकीत वाळत घातलेल्या संत्र्याच्या सालींचा वास होता. कॉम्प्युटरवर विणलेला रुमाल, त्यावर प्लॅस्टिकची फुलं. रुमाल काढला की खाली तो काळा पडदा. खाली जमिनीवर यूपीएसचा डबा, जो लाइट गेला की टीं टीं करून ओरडायचा आणि आम्हाला घाईघाईने सगळं बंद करायला लावायचा. लाइट तेव्हा आमच्याकडे पाव्हण्यासारखाच यायचा, त्याच्या मर्जीने. शाळा सकाळची आणि लाइट बहुधा दुपारचा, म्हणून खेळायची वेळ दुपार.

निलेशने त्यात एक गेम टाकून ठेवला होता. गाव राज्याच्या सीमेपलीकडचं, म्हणून शाळा हिंदीची, घर मराठीचं आणि गेम इंग्रजीचा. आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन खेळायचो. त्यात आपण एका लांबच्या, कोरड्या ग्रहावरच्या वस्तीचे कारभारी. थोडी माणसं, थोडं धान्य, एक विहीर. एक दिवस आकाशात एक जहाज येऊन थांबतं. आवाज असा की दुरून जिनिंग सुरू व्हावी. जहाज हल्ला करत नाही, उतरत नाही. नुसतं थांबतं आणि निरोप पाठवतं: आम्ही लांबून आलो, आमची ओळख व्हावी अशी इच्छा आहे. पडद्याच्या खाली तीन उत्तरं, त्यातलं एक आपण निवडायचं. त्या जहाजातल्यांना गेममध्ये काही तरी खोकल्यासारखं नाव होतं. आम्ही त्यांना पाव्हणे म्हणायला लागलो.

पाव्हणे फार चांगले होते. त्यांनी पाणी स्वच्छ करणारं यंत्र दिलं. मग दिवे दिले. मग बी-बियाणं. मग एक बारीकशी विनंती: तुमच्या टेकडीवर आम्हाला एक खांब उभारू द्याल का, बोलणं सोपं जाईल. असं ते हळूहळू पुढे सरकायचं. खेळ थोडा आणि आमचा वाद जास्त. हे आले कशाला? पल्लवीचं म्हणणं, त्यांचा सूर्य विझला असेल, बिचारे घर शोधत असतील. किंवा ते इतके पुढे गेलेले आहेत की त्यांना कशाची गरजच नाही, आणि ज्याला गरज नाही तो चांगलाच असणार. मी म्हणायची, ज्याला गरज नाही तो घरीच बसतो, एवढ्या लांब कशाला येईल. कधी मला वाटे त्यांना विहीर पाहिजे. कधी वाटे आम्हालाच खाणार आहेत आणि आधी धष्टपुष्ट करून घेत आहेत. संत्र्याचा व्यापारी बगीच्यात आला की आधी झाडाला हात लावत नाही, मालकाची विचारपूस करतो, पोरंबाळं कशी आहेत विचारतो, हे मी मायकडून ऐकलेलं होतं. पाव्हणे तसेच वाटायचे. काकू आम्हाला पोहे आणून द्यायची आणि म्हणायची, “काय करून राहिल्या वो पोरींनो, भांडून राहिल्या का?” आम्ही हसायचो. पोहे चांगले असायचे, त्यावर तळलेली मिरची. ते मला आवडायचे, हेही सांगितलं पाहिजे.

एके दिवशी पाव्हण्यांनी विचारलं: ग्रहांची मोठी सभा आहे, तुम्हाला तिथली भाषा येत नाही, तुमच्या वतीने आम्ही बोलू का? मी नको म्हणत होते. माउस पल्लवीच्या हातात होता, तिने हो केलं. त्यानंतर खालची तिन्ही उत्तरं राखाडी झाली. दाबलं तरी काही होईना. निरोप यायचे, उत्तरं आपोआप जायची, आणि आमची वस्ती मात्र झकास वाढत होती. रस्ते झाले, दिवे वाढले. पल्लवी म्हणाली, “पण नुकसान काय झालं सांग नं.”

“बटन गेले नं,” मी म्हटलं.

“बटन घेऊन काय करतं? सगळं तं होऊनच राहिलं.”

हे वाक्य मी नंतर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, इतक्या सभांमध्ये आणि स्टाफरूममध्ये, की आता ते कोणी म्हणायला तोंड उघडलं की मला आधीच कळतं. माझा मुलगा आता सौंसरला घरात बसून कानाला हेडफोन लावून असलेच गेम खेळतो. मित्रांशी तावातावाने वाद घालतो की परग्रहावरचे आले तर कशासाठी येतील, पहिल्या भेटीत त्यांच्याशी काय बोलावं. मी भाजी निवडता निवडता ऐकते. मला त्याला सांगावंसं वाटतं की बाबा रे, इतक्या लांब कशाला जातोस. पण तो विचारेल, मग सगळंच सांगावं लागेल. म्हणून लिहिते आहे.

आम्ही गेम पुन्हा सुरू केला. या वेळी माउस मी घेतला. मी ठरवलं की नुसतं घ्यायचं नाही, द्यायचंही. आमच्याकडे धान्य होतं, ते जहाजावर पाठवलं. उत्तर आलं: तुमची भेट मिळाली, आम्ही भारावलो. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच उत्तर. पडद्याच्या कोपऱ्यात जहाजाचं वजन दिसायचं. ते वाढत नव्हतं. म्हणजे आमचं धान्य ते आत घेतच नव्हते, बाहेर कुठेतरी सोडून देत होते. पल्लवी म्हणाली, “गेम बनवणाऱ्याची चुकी होय ते.” मी म्हटलं, चुकी नाही, मुद्दाम आहे. जे आपल्या हातचं घेत नाहीत ते पाव्हणे नव्हेत. तिला ते पटलं नाही. तिथेच कोपऱ्यात आणखी एक बटन होतं, आपलं जहाज त्यांच्या जहाजाकडे पाठवायचं. त्यावर माउस नेला की लिहून यायचं, परत येण्याची खात्री नाही. ते आम्ही कधी दाबलं नाही.

तोवर आमच्या घरात काय चाललं होतं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळत होतं. भाऊ बाबांना मोटारसायकलवर मागे बसवून पांढुर्ण्यापर्यंत सोडायचे. बाबा घरी येऊन ते सांगताना शर्टाची कॉलर नीट करायचे. “भाऊ म्हणत होते, सुजाताच्या मायनं फॉर्म भरावा. आपन सगळे पाठीशी हाओत. वहिनीनं फक्त सही करावं, बाकी पाहून घेऊ.” माय तवा उतरवत म्हणायची, “बाकी म्हंजे काय?” बाबा म्हणायचे, “बाकी म्हंजे बाकी. कागदं, ऑफिस, लोकं. तुले कुठं येते ते?” माय आठवीपर्यंत शिकलेली होती आणि दर रविवारी विहारात ग्रंथ मोठ्याने तीच वाचायची, कारण पुरुषांना धड वाचता येत नव्हतं. तिच्या मनात उभं राहायचं होतं. तिला ते पद हवं होतं, ते मला तिच्या भाकरी थापण्यावरून कळायचं; विहारासमोरच्या नालीबद्दल, आमच्या मोहल्ल्यात न आलेल्या नळाबद्दल ती आता बोलायची तेव्हा ‘करायला पाहिजे’ म्हणत नव्हती, ‘करू’ म्हणत होती.

मग बुद्धपौर्णिमा आली. आमच्याकडे त्या दिवशी खीर असते. मायने माझं नाव सुजाता ठेवलं तेही त्या खिरीवरूनच. सुजाताने दिलेली खीर खाऊन तो तपस्वी उठला, ही गोष्ट मी चालायला लागायच्या आधी ऐकली असेन. मामाने तामियाकडून आणलेली चारोळी मायने वर्षभर जपून ठेवली होती. ती सगळी तिने खिरीत टाकली, आणि पहिला डबा भरून माझ्या हातात दिला. “काकूले दे. म्हणजो, मायनं देली.”

काकूने डबा दोन्ही हातांनी घेतला. गोड हसली. मी आत जाऊन पल्लवीबरोबर बसले. थोड्या वेळाने लाइट गेला, यूपीएस ओरडायला लागला, आम्ही गेम बंद केला आणि मी हात धुवायला मागच्या अंगणात गेले. तिथे गोठा होता. म्हशीचं वगारू घमेल्यात तोंड घालून चाटत होतं. घमेल्याच्या काठाला पांढरा भात लागलेला होता आणि त्यात चारोळी होती. चारोळी ओळखायला मला वाकावं लागलं नाही.

मी आत आले. काकूने डबा धुऊन, पुसून, त्यात कैऱ्या भरून ठेवला होता. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. म्हणाली, “खीर मस्त झाली होती म्हणजो मायले. भाऊंनी तं दोनदा मांगून घेतली.”

तिने तो दोनदाचा भाग कशाला जोडला, हे मला आजही समजत नाही. नुसतं मस्त झाली म्हटलं असतं तरी चाललं असतं. माणूस खोटं बोलताना इतका उदार का होतो? मी पल्लवीकडे बघितलं. तिने खाली बघितलं, म्हणजे तिला माहीत होतं. मी विचारलं, “मले घरी आन म्हणून बाबानंच सांगितलं होतं नं तुले? कायले?” ती म्हणाली, “मले काय माहीत. पण मले बी कोनीतरी पाहिजेच होतं नं खेळाले.” ती खोटं बोलत नव्हती. आता ती पुण्याला असते, रोज सकाळी मला मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवते. मी उत्तर देत नाही आणि तिला ब्लॉकही करत नाही.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. घमेलं, वगारू, चारोळी, आणि त्यांना सरपंच नाही तर सहीचा हात पाहिजे आहे हेही. सांगताना मी पाव्हण्यांचं, जहाजाचं आणि वजनाचंही बोलून गेले असणार, कारण बाबा भडकले ते त्यावरच. “त्या डब्ब्यातला खेळ खेळून डोकं फिरलं हिचं. भाऊसारखा मानूस आपल्याले मोटारसायकलवर बसवते, अन् ही पोट्टी म्हणते ते आकाशातून आले.” त्यांनी कैऱ्यांचा डबा उचलून माझ्यासमोर आपटला. “हे काय हाय मंग? हे नाही देलं का तेनं?” कैऱ्या घरभर पळाल्या. माय त्या गोळा करायला लागली. एक कैरी तिने हातात धरून बराच वेळ पाहिली, मग पदराने पुसून टोपलीत टाकली. त्या दिवशी मला बाबांचा इतका राग आला की मी जेवले नाही. आता वाटतं, त्यांना कोणी तरी आपल्या मागे बसवलं होतं. त्या माणसाला आयुष्यात तेवढंच मिळालं होतं. पण राग तो रागच. तो अजून उतरलेला नाही.

फॉर्म भरायचे दिवस आले तसे भाऊ आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. बाबांनी विहारातून प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. दिवस शनिवारचा. मोहल्ल्यातल्या बायका दारापाशी जमल्या, त्यात शांतामावशी सगळ्यात पुढे. ती मायची तोड्यावरची जोडीदार, आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. भाऊ म्हणाले, “वहिनी, चला, गाडी आणली. पांढुर्ण्याले जाऊन फॉर्म भरून येऊ.” मायने हो म्हटलं आणि आत गेली. बाहेर आली ती वाटी घेऊन. तिने सकाळी खीर केली होती, आणि ती का केली हे मला तेव्हा कळलं.

“आधी तोंड गोड करा भाऊ.”

भाऊंनी वाटीकडे बघितलं. “आज शनवार नं वहिनी. आत्ताच जामसांवलीहून दर्शन घेऊन आलो. उपास हाय.”

“हाव,” माय म्हणाली. “भात चालत नाही उपासाले. मंग उद्या या. फॉर्मले अजून टाइम हाय.”

बाबांचा चेहरा पडला. भाऊ हसत उठले. दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. खुर्ची तिथेच होती, बायकाही. मायने वाटी आणली. भाऊ म्हणाले, “डॉक्टरनं साखर बंद सांगितली वहिनी. शुगर निघाली मले.”

“माहीत हाय,” माय म्हणाली. तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं. “तुमची वाटी साखर टाकाच्या आधी काढून ठेवली होती. हे फिकी हाय. खा.”

दारातल्या बायका हलेनाशा झाल्या. वाटीतून वाफ निघत होती. भाऊंनी हात पुढे केला, वाटीपर्यंत नेला आणि मागे घेतला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला तो माणूस त्या क्षणी भित्रा दिसला. वाटीभर फिका भात, आणि तो त्याला उचलता येईना. मग त्यांचा आवाज चढला. “हे काय लहान पोट्ट्यासारखं लावलं वहिनी? मी तुमच्या घरी आलो. तुमच्या खुर्चीवर बसलो. अजून काय पाहिजे तुम्हाले?”

“खुर्ची विहाराची होय,” माय म्हणाली. “आमची फक्त खीर होती.”

भाऊ गेले. बाबा त्यांच्या मागे पळाले आणि एकटेच परत आले. दुसऱ्या दिवशी माय विहारातल्या दोन बायकांना घेऊन बसने पांढुर्ण्याला गेली आणि स्वतःच्या हाताने फॉर्म भरून आली. घरी येताना जिलेबी आणली. बाबा तिच्याशी बोलत नव्हते, पण जिलेबी त्यांनी खाल्ली.

इथेच हे प्रकरण संपलं असतं तर बरं झालं असतं. मी आता शिकवते त्या वर्गात मुलांना सांगितलं असतं की पाहा, माझ्या मायने भाऊंचं कसं तोंड बंद केलं. पण मला आणि मायला एक गोष्ट सुचलीच नव्हती. गेममधले पाव्हणे बनवलेले होते, ते प्रत्येक वेळी तसेच वागायचे. खरे शिकतात.

पुढच्याच दिवशी भाऊंची गाडी आमच्या घरावरून पुढे गेली आणि शांतामावशीच्या दारात थांबली. भाऊ तिच्या अंगणात, बाजेवर, सगळ्या मोहल्ल्यासमोर बसले आणि म्हणाले, “वहिनी, खीर असन तं आना.” मावशीकडे खीर कुठली? ती धावत दूध आणायला गेली. भाऊ बसून राहिले. खीर शिजेपर्यंत बसून राहिले. मग त्यांनी खाल्ली. वाटी चमच्याने खरवडली आणि म्हणाले, “अजून हाय का?” मी आमच्या भिंतीवरून बघत होते. दुसरी वाटी खाऊन त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. ना उपास, ना शुगर. म्हणजे त्यांना खाता येत होतं. पहिल्यापासून येत होतं. माझ्या मायच्या हातची वाटी परत गेली ती धर्मामुळे नाही आणि डॉक्टरमुळेही नाही. तोवर त्यांना वाटत होतं की ह्या बायांच्या हातचं न खाताही त्या सही करतील. खर्च वाचवत होते ते. नडल्यावर खाल्ली. त्या दोन वाट्या मी आयुष्यभर विसरणार नाही.

भाऊंच्या गाडीतून जाऊन मावशीने फॉर्म भरला. मोहल्ला फुटला. अर्धी मतं शांतामावशीला गेली, गावची सगळी गेली. माय हरली. मावशी सरपंच झाली, गुलाल उधळला, आणि हार घातलेल्या मावशीच्या शेजारी उभं राहून बोलले भाऊ. मायने मावशीशी बोलणं टाकलं. भिंतीला भिंत, आणि एका विहिरीवर पाणी भरताना दोघी दोन बाजूंना बघायच्या. पल्लवीच्या घरी मी पुन्हा गेले नाही. बाबांना मोटारसायकलवर कोणी बसवलं नाही. ते पुन्हा सायकलने जायला लागले.

एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. एका सकाळी मावशी आमच्या दारात आली आणि आत न येता उंबऱ्यापाशी खाली बसली. माय पीठ मळत होती, तिने वर बघितलं नाही. मावशी म्हणाली, “नातवाले शाळेत टाकाचं हाय. रहिवाशी दाखला पाहिजे. त्याच्यावर सरपंचाचा शिक्का लागते.”

“मंग मार नं,” माय म्हणाली. “तूच तं सरपंच हायस.”

“शिक्का भाऊपाशी हाय. त्याच्या कपाटात.” मावशीने पदर तोंडाला लावला. “तीन बार गेली मी. ओसरीवर बसवून ठेवलं. काल काकू म्हणे, भाऊ जेवून राहिले, उद्या ये. माह्याच नातवाच्या दाखल्यासाठी वो. त्यानं माह्या घरी दोन वाट्या खाल्ल्या होत्या. मले वाटलं, ज्यानं खाल्लं तो आपला.”

मायचे हात पिठात थांबले. मला वाटलं, आता ती बोलेल. एवढ्या दिवसांचं सगळं बोलेल. बोलायला हवंच होतं, माझी तर तशी इच्छाच होती. ती उठली, हात धुतले, मावशीला तांब्याभर पाणी दिलं. मग चपला घातल्या.

“चाल,” ती म्हणाली. मावशी तशीच बसून राहिली, तेव्हा मायने तिला दंडाला धरून उठवलं. “ऊठ वो. तो तुह्या घरी आला होता नं? आता आपन जाऊ त्याच्या घरी.”

मीही मागे गेले. त्या घराच्या पायरीशी माझे पाय जिथे नेहमी थांबायचे तिथेच थांबले, आणि मी पाहिलं की मावशीचेही थांबले. मायचे थांबले नाहीत. ती पायरी चढली, ओसरी ओलांडली आणि बैठकीत गेली, चपला काढून. आम्ही तिच्या मागून. आतल्या खोलीतून कॉम्प्युटरचा तो जिनिंगसारखा आवाज येत होता. आम्ही दिसताच तो बंद झाला. काकू स्वयंपाकघरातून आली आणि आम्हाला आत पाहून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते लपवायला तिला वेळ मिळाला नाही. मग तिला तेच जुनं हसू सापडलं. “या नं, या. चहा टाकते.”

“आधी शिक्का,” माय म्हणाली. “चहाचं मंग पाहू.”

भाऊ बंडी घालत बाहेर आले. शिक्क्याचं ऐकून म्हणाले, “देतो नं. पण कपाटाची चाबी निलेशपाशी हाय. तो आला की पाठवून देतो. तुम्ही जा.”

“आम्ही बसतो,” माय म्हणाली. भिंतीशी लांब सोफा होता, त्यावर पांढरी चादर. त्या घरात मी इतक्या दुपारी घालवल्या, पण त्या सोफ्यावर कधी बसले नव्हते. माय त्याच्या मधोमध बसली, पाय खाली सोडून, आणि शेजारची जागा हाताने झाडली. “बस वो सरपंचबाई. त्याले नागपूरहून याले वेळ लागन.”

मावशी बसली. मी तिच्या पलीकडे बसले. पंखा फिरत होता. भाऊ उभे, काकू उभी, पल्लवी दारात उभी, आणि बसलेल्या आम्ही तिघी. भाऊंनी एकदा चादरीकडे बघितलं, एकदा दाराकडे, बाहेर रस्त्यावरून कोण जातं ते बघितलं.

निलेश काही नागपूरहून आला नाही. थोड्या वेळाने भाऊंनी बंडीच्या खिशात हात घातला आणि चाबी काढली.